नानांनी पाहिलेली धूळ

एका माणसाने डोळे उघडे ठेवून पाहिले आणि जे दिसले ते मला सांगितले. त्याबद्दल मी त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार केली. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढे जाता जाता ते थोडे सौम्य करून सांगण्याचा मोह मला होईल. आजवर तो प्रत्येक वेळी झाला आहे.

नंदुरबारच्या एका महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. गाव रनाळे. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. अख्खे कॉलेज त्यांना नाना म्हणते, मीही म्हणतो. उपकरणे काढून देणे, पुसून ठेवणे, पंपाचे तेल बघणे, फ्यूज बदलणे ही त्यांची कामे. कागदावर त्यांचे काम इतकेच. प्रत्यक्षात कोणता मीटर दोन घरे जास्त दाखवतो आणि कोणत्या भिंगाला आतून बुरशी आहे हे फक्त त्यांनाच माहीत असते.

त्या वर्षी आमच्याकडे एक काचपात्र आले होते. घंटेच्या आकाराचे, गुडघ्याएवढे उंच. त्यातली हवा पंपाने जवळजवळ सगळी काढून घ्यायची, आत वर-खाली बसवलेल्या दोन धातूंच्या तबकड्यांना जोरदार वीज द्यायची, की उरलेली विरळ हवा गुलाबी-जांभळी पेटते. वायूतल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि मागे भारित आयन उरतात. यालाच प्लाझ्मा म्हणतात. हे काचपात्र मिळावे म्हणून मी चार वर्षे अर्ज केले होते. ते आले तेव्हा मी त्यावर स्वतःच्या हाताने कव्हर शिवून घातले. इतका माझा जीव त्यावर होता.

जानेवारी होता. मिरचीचा हंगाम. गावाबाहेर पथारींवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानांवर, लाल मिरची पसरलेली, आणि वारा फिरला की आमचा तास खोकण्यात जायचा. दोन दिवसांनी प्रात्यक्षिक परीक्षा होती, बाहेरचे परीक्षक येणार होते. एम.एस्सी.ची बारा मुले-मुली सराव करत होती. खिडक्यांना काळे पडदे होते, कारण शेजारच्या टेबलावर लेझरचा प्रयोग चालू होता. त्या लेझरची लाल रेघ भिंतीकडे जाताना नेमकी काचपात्रातून जात होती. पात्र मी पेटवून ठेवले होते, परीक्षकांना दाखवायचे म्हणून.

नाना पात्राशी वाकून बसले होते. बराच वेळ. मग त्यांनी मला हाक मारली.

“सर, आठे या. धूय पडत नही शे.”

“काय?”

“दखा ना, खाले वाकीसन. अधर ऱ्हायनी. रांग धरी ऱ्हायनी.”

धूळ खाली पडत नाही, अधांतरी राहिली आहे, रांग धरून राहिली आहे. माणूस एवढे स्पष्ट सांगत होता. मला फक्त धूळ ऐकू आली. माझ्या काचपात्रात, परीक्षेच्या दोन दिवस आधी.

“नाना,” मी सगळ्यांसमोर म्हणालो, “परवा परीक्षक येणार, आणि तुम्ही पुसायचं सोडून धुळीची गंमत बघत बसलात? तिची रांग लावताय? हजेरी पण घ्या मग तिची.”

मुले हसली. त्यांना हसवावे म्हणूनच मी ते बोललो होतो. वाकलो मात्र नाही. उभ्या उभ्याच हात लांब करून वीज बंद केली. गुलाबी उजेड गेला.

नाना अजून वाकलेलेच होते. ते हळूच म्हणाले, “आते पडनी.”

आता पडली. वीज होती तोवर धूळ हवेत होती, वीज गेली आणि ती पडली. भौतिकशास्त्राच्या कोणाही माणसाला जागच्या जागी थांबवायला हे दोन शब्द पुरेसे होते. मी पंप बंद करायला सांगितले आणि हजेरीपट घेऊन बाहेर गेलो.

नानांनी पात्र उघडून पुसले, पण परत बसवताना रबराची कडी नीट बसली नाही आणि परीक्षेच्या दिवशी निर्वात झाले नाही. परीक्षकांनी सहज विचारले, “हे नवं उपकरण बंद का?” एवढा प्रश्न मला झोंबला. त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहिला. कामातील निष्काळजीपणामुळे उपकरणात धूळ साचली, सबब उपकरण परीक्षेत वापरता आले नाही. नानांना मेमो निघाला. त्यांनी खुलासा दिला, तो तीन ओळींचा होता. धूळ होती हे खरे आहे. ती खाली न पडता तरंगत होती. ती मी सरांना दाखवली. त्यावर माझाच शेरा आहे, माझ्याच अक्षरात: खुलासा समाधानकारक नाही.

मग कॉलेजात चेष्टा सुरू झाली. ऑफिसमधला एक कारकून त्यांना रोज विचारायचा, “काय नाना, आज धूय उडी ऱ्हायनी का बठी ऱ्हायनी?” नाना म्हणायचे, “तुन्हा टेबलवर बठी शे. चार वरीस व्हयनात, उठत नही.” हसे व्हायचे ते कारकुनाचे. पण मी प्रयोगशाळेत शिरलो की नाना गप्प होत. आधी ते मला दिवसभरातले सगळे सांगत. त्या मेमोनंतर त्यांनी मला विचारल्याशिवाय काही सांगितले नाही.

दोन वर्षांनी मी एका मोठ्या शहरात उजळणी वर्गाला गेलो. तिसऱ्या दिवशी दुपारी एका प्राध्यापकाने पडद्यावर चित्रफीत दाखवली. काळा पडदा, त्यावर लेझरच्या उजेडात चमकणारे ठिपके, अधांतरी, ओळीने, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोन करून थांबलेले. ते म्हणाले, ही धूळ आहे.

त्यांनी जे समजावले ते आता मी दर वर्षी वर्गात समजावतो. प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन आयनांच्या मानाने अतिशय हलके असतात, म्हणून वेगवान असतात. धुळीचा कण आत आला की त्याच्यावर आधी इलेक्ट्रॉन येऊन आदळतात आणि चिकटतात. हजारो चिकटतात. कण उणे भारित होतो. इतका, की पुढे तो नव्या इलेक्ट्रॉनांना स्वतःच दूर लोटू लागतो आणि आयनांना ओढतो. दोन्हींचे येणे सारखे झाले की भार स्थिर होतो, तोही पुरता नाही. सतत थोडा कमी-जास्त होत राहतो. खालची तबकडी उणे असेल तर तिच्या लगत एक काळसर पातळ थर असतो. इंग्रजीत त्या थराला तलवारीच्या म्यानाचा शब्द वापरतात. त्या थरात विजेचा जोर कणाला वर ढकलतो, वजन त्याला खाली ओढते, आणि जिथे दोन्ही सारखे होतात तिथे कण थांबतो. सगळेच कण उणे, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात आणि ओळी लागतात. अशा रचनेला प्लाझ्मा स्फटिक म्हणतात. धूमकेतूच्या शेपटीत आणि शनीच्या कड्यांतही अशी भारित धूळ असते. चिप बनवणाऱ्या कारखान्यांत तर, ते म्हणाले, चिपांवर धूळ सापडली की आधी सफाईवरच संशय घेतला जाई. पुढे कळले की धूळ प्लाझ्मातच तयार होऊन तिथेच तरंगत राहते आणि वीज बंद केली की खाली बसते.

सभागृहात थोडे हसणे झाले. मला नानांचे ‘आते पडनी’ आठवले.

इथे मी परत येऊन नानांचे पाय धरले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. मी परत आलो, आणि त्यांना चहा पाजून त्या दिवशी नेमके काय दिसले होते ते विचारून घेतले. किती थर? तीन. तबकडीपासून किती वर? त्यांनी करंगळीचे एक पेर दाखवले. हलत होते का? “पंपना आवाज बदलना की जराखं हालेत.” पंपाचा आवाज बदलला की जरा हलायचे. म्हणजे दाब बदलत होता, आणि या माणसाने तो आवाजावरून टिपला होता. मी सगळे वहीत उतरवले. का विचारतो ते सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही.

त्यावरून मी एक शोधनिबंध लिहिला आणि एका राज्यस्तरीय चर्चासत्रात वाचला. त्यात ‘निरीक्षकास असे आढळले’ असे चार वेळा आहे. तो निरीक्षक मी नव्हतो. मी वाकलोसुद्धा नव्हतो. या विषयाला दोन नावे आहेत. एक साधे, धूळयुक्त प्लाझ्मा. दुसरे जरा भारदस्त, जटिल प्लाझ्मा. दोन्ही रूढ आहेत, पण मी दुसरे का निवडले ते मला ठाऊक आहे. तक्रारीत मी धूळ लिहिले होते. कौतुक घ्यायच्या जागी तो शब्द मला नको होता. प्रमाणपत्र लॅमिनेट करून कपाटात ठेवले.

नंतरची वर्षे तशीच गेली. यंदा प्रयोगशाळा सहायकाची बढतीची जागा निघाली. नाना पुढच्या वर्षी निवृत्त होणार, म्हणजे त्यांच्यासाठी ही शेवटचीच. सेवा, शिक्षण, सगळे जमत होते. आस्थापना विभागाने फाईल काढली तर त्यात एकच प्रतिकूल कागद होता. माझा. ऑफिसात हे माझ्यासमोरच बोलले गेले आणि नाना दारात उभे होते. त्यांनी मान खाली घातली नाही. मीच घातली.

त्या दिवशी घरी जाताना मी ठरवले की बढती समितीच्या बैठकीआधी तो मेमो फाईलमधून निघालाच पाहिजे, आणि तो मीच काढणार.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य मॅडमकडे गेलो. त्या वनस्पतिशास्त्राच्या. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “सर, दया आली म्हणून कागद मागे घेता येत नाही. कारण लिहा.”

“माझी चूक झाली, हे कारण.”

“कोणती चूक? धूळ होती ना?”

“होती.”

“मग?”

“ती तरंगत होती. तरंगायलाच हवी होती.”

मॅडमनी चष्मा काढला. “सर, तुमचं तुम्हाला कळतंय. समितीत बाहेरचे दोघं असतात. त्यांना मी सांगू, धूळ तरंगत होती? मला दाखवा. मी डोळ्यांनी बघितलं तर मी लिहीन.”

समितीला तीन आठवडे होते. मी रोज दुपारी वर्ग संपले की पडदे ओढून बसू लागलो. पात्र स्वच्छ केले, रबराची कडी नवी आणली. खालच्या तबकडीवर तांब्याच्या तारेचे कडे ठेवले, कण बाजूला पळू नयेत म्हणून. वरून बारीक कापडाच्या पुरचुंडीत धूळ टांगली, पुरचुंडीत लोखंडी नट ठेवला आणि बाहेरून चुंबक फिरवून ती हलवण्याची सोय केली. खडूची भुकटी टाकली, पडली. टाल्कम पावडर टाकली, तीही गोळे होऊन पडली. दाब बदलून पाहिला, वीज कमी-जास्त केली. दहा दिवस गेले. धडगावकडची एक विद्यार्थिनी शेजारी बसून नोंदी घ्यायची. ती एकदा म्हणाली, “सर, शनीच्या कड्यात कोणी पुरचुंडी हलवत नाही ना?” मी रागवायच्या बेतात होतो. मग हसलो, आणि परत चुंबक फिरवला.

नाना त्या दिवसांत खोलीत येत नव्हते. किल्ली टेबलावर ठेवून जायचे. धुळीपायी एकदा मेमो मिळालेला माणूस पुन्हा धुळीच्या पात्राजवळ का येईल? मीही बोलावले नाही. ज्याचे नुकसान केले त्याच्याकडूनच मदत मागायची लाज वाटत होती.

अकराव्या दिवशी दुपारी ते दारात उभे राहिले. किती वेळ उभे होते कोण जाणे.

“सर, तुम्ही जाडी धूय टाकी ऱ्हायनात.”

“वस्त्रगाळ केलीय, नाना.”

“वस्त्रगाळ म्हंजे जी खाले पडनी ती. ती जाडीच.” ते आत आले. “कॉलेजले लागाना पहिले मी मिरचीना कांडपवर व्हतू, सहा वरीस. तठे पोत्यामा पडस ती येगळी. आनि आढ्यावर चढीसन बठस ती येगळी. ती बोटले लागस नही, फक्त नाकले समजस.”

कांडपात पोत्यात पडते ती मिरची वेगळी, आणि आढ्यावर चढून बसते ती वेगळी. मी खुर्चीत मागे टेकलो. कणाचा आकार दुप्पट झाला तर वजन आठपट होते, त्यावर बसणारा भार मात्र दुपटीच्या आसपासच वाढतो. म्हणून जाड कणाला कोणताच थर पेलत नाही. हे समीकरण मी फळ्यावर कितीदा लिहिले असेल, आणि दहा दिवस खडू कुटत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी नाना एका डबीत चिमूटभर लालसर पूड घेऊन आले. ओळखीच्या कांडपावर शिडी लावून आढ्यावरून कुंचल्याने काढलेली. ओल राहिली तर निर्वात होणार नाही म्हणून त्यांनी ती पत्र्यावर उन्हात वाळवलीही होती. पुरचुंडीत भरताना आम्ही तिघेही शिंकत होतो. विद्यार्थिनी म्हणाली, “नाना, प्लाझ्माला ठसका लागेल.”

“लागू दे. मले लागना तवय कोनी पानी दिधं नही,” नाना म्हणाले. माझ्याकडे न बघता.

पंप सुरू झाला. आवाज जाडसर होता तो हळूहळू बारीक झाला. नानांनी बोट वर केले, आता. मी वीज दिली. गुलाबी उजेड पसरला. लेझर लावला. चुंबक फिरवला. पहिले काही कण सरळ खाली गेले. मग एक थांबला. मग चार. मग तबकडीच्या वर, करंगळीच्या पेराएवढ्या उंचीवर, ठिपक्यांची एक ओळ उभी राहिली, तिच्याखाली दुसरी.

या वेळी मी वाकलो होतो. गुडघे टेकून. इतकी वर्षे जे मी पाहिल्याचे सांगत होतो ते त्या दुपारी मी पहिल्यांदा पाहिले.

मॅडमना बोलावले. त्यांनी पदर खोचून, टेबलाला नाक लावून पाहिले. “हे पडत का नाहीये?” त्या म्हणाल्या. मी तोंड उघडले, पण त्यांनी नानांना विचारले होते. नानांनी हात लांब करून वीज बंद केली. ठिपके विझले. “आते पडनी,” ते म्हणाले.

त्याच दिवशी मी कारण लिहिले. पान भरून. उपकरणात धूळ तरंगत होती, तो परिचरांचा निष्काळजीपणा नव्हता, ती धूळयुक्त प्लाझ्माची घटना होती, परिचरांनी ती ओळखली आणि मी पाहण्यास नकार दिला. खुलासा समाधानकारक नाही हा माझा शेरा चुकीचा होता. पुढे त्यांचेच निरीक्षण मी माझ्या नावाने निबंधात वापरले. चर्चासत्राच्या आयोजकांनाही पत्र लिहिले, निबंध मागे घ्यावा म्हणून. त्यांचे उत्तर आलेले नाही. आले नाही तर पुन्हा लिहीन. मेमो रद्द झाल्याचा कागद फाईलला लागला, समिती झाली, नानांचे नाव एकमताने मंजूर झाले.

मी हलका झालो होतो. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पेढे घेऊन गेलो. नाना तारा गुंडाळत होते. त्यांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

“सर, एक सांगू? राग नका मानू. कागद तुम्ही मॅडमले दिधा. त्या चर्चासत्रवालास्ले दिधा. पन मले कोनी काय सांगं नही.”

खरेच, तीन आठवडे मी पंप, दाब, अर्ज, फाईल यांच्यामागे धावत होतो. त्या माणसाशी, त्याच्या तोंडावर, एक शब्द बोललो नव्हतो.

“त्या दिनले पोरं हसनात,” ते म्हणाले. “तेन्हा मेमो नही व्हता. तरी तेच लागनं.”

ती पोरे आता कुठे कुठे नोकरीला आहेत. त्यांना मी परत आणू शकत नव्हतो. पण माझे तास तेच होते, खोली तीच होती. सोमवारी एम.एस्सी.चा वर्ग प्रयोगशाळेत बसवला. चेष्टा करणाऱ्या कारकुनालाही बोलावले, मॅडमही आल्या. मुले सातपुड्यातली होती, सपाटीवरची होती, म्हणून सगळ्यांना कळेल अशा साध्या मराठीत बोलायचे ठरवले. लिहून आणलेला कागद खिशातच राहिला. नाना मागच्या भिंतीशी उभे होते. मी त्यांना पुढे यायची विनंती केली. ते आले. मी हात जोडले.

“नाना, या खोलीत, बारा जणांसमोर, तुम्ही मला खरं ते सांगितलंत आणि मी तुमचं हसं केलं. मी वाकून पाहिलं नाही. तुमच्याविरुद्ध लिहिलं, मग तुमचंच पाहिलेलं माझं म्हणून वाचलं. यातलं काही अजाणता झालं नाही. दोन वर्षांनी मला सगळं कळलं होतं, तरी मी इतकी वर्षं गप्प बसलो, तो माझा भित्रेपणा होता. मी तुमची माफी मागतो.”